देविदासने स्लॅबला पाणी मारलं

घरकुलाच्या स्लॅबला पाणी आपण स्वतः मारायचं, असं देविदासने ठरवलं आणि तिथेच घोळ झाला. हिंगोलीच्या मोंढ्यात, त्या घाऊक बाजारात, दुसऱ्याच्या हळदीची पोती सांभाळण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आता कुठे तांड्याच्या कडेला स्वतःचं पक्कं घर उभं राहत होतं. स्लॅब टाकला त्या दिवशी नेमकी त्याला सुट्टी मिळाली नाही. बाकी सगळा तांडा घमेली घेऊन धावला. (हे त्याला फार लागलं.)

"आता रोज सांजच्याला मीच पाणी मारतो. स्लॅब म्हंजे लेकरू असतं. तू हात लावू नको," त्याने बायकोला, जिवनबाईला, बजावलं.

मोंढ्यातून परतून जीपमधून उतरला की दिवेलागणीला तो शिडी चढायचा, पाणी साचावं म्हणून स्लॅबवर केलेली आळी काठोकाठ भरायचा आणि खाली येऊन भिंतीवरून मायेने हात फिरवायचा. आपलं घर! छाती अशी फुगायची की रात्री दोन भाकरी जास्त जायच्या.

रविवारी त्याने मोंढ्यातल्या हरिचंदला मुद्दाम घर पाहायला आणलं. स्लॅबवर उभा राहून "एक तडा दाखव, मिशी काढीन!" म्हणत होता, तोच शेजारच्या भिकाबाईने खालून हाक मारली.

"देविदास, चहा घे बापा. माझ्या स्लॅबसाठी लई तकलीफ घेतली तू."

"तुमच्या?"

"मंग कोनाच्या? तुझा पलीकडं हाय."

ओळीत पाच घरकुलं, पाचही बिनरंगाची, एका साच्यातली. पहिल्या दिवशी शिडी दिसली तिथे देविदास चढला होता. आठवडाभराच्या उन्हात आपला स्लॅब पापडासारखा तडकला असणार! हरिचंदला तिथेच सोडून तो पळाला, धापा टाकत आपल्या घरावर चढला आणि पाय घसरून भरल्या आळ्यात बदकन बसला.

समोर जिवनबाई बादली घेऊन उभी.

"तुला ठाऊक व्हतं?"

"पयल्या दिवसापासून."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"भिकाबाईची पोरं ऊसतोडीला गेलीत. तिच्या स्लॅबला पानी कोन मारनार? आपल्या टायमाला समदे आले व्हते. तुमाला जा म्हनलं असतं, तर गेले असते का?"

देविदासला खोटं बोलवेना. बायकोचा राग यायला हवा होता, पण आला अभिमानच. खाली हरिचंद चहा पीत सांगत होता, असा परोपकारी माणूस आख्ख्या मोंढ्यात नाही.

"आजपासून त्या कडेच्या घरकुलातल्या जळबाचा स्लॅब," जिवनबाईने बादली त्याच्या हातात दिली. "त्याचा पाय मुरगाळलाय. या बारीला सांगून पाठवून राहिले."

"जातो की!" देविदास ताठ उभा राहिला.

"थांबा, एकटे नका जाऊ. शिडीपर्यंत मी सोडायला येते."