सूर्याचे ओळखपत्र

दिगंबरराव खांबेटे यांच्या खिडक्यांना चोरीप्रतिबंधक फिल्म बसवल्यापासून सूर्य घरात येईनासा झाला, कारण त्याच्याकडे ओळखपत्र नव्हते.

फिल्म चोख होती. बसवणाऱ्या कारागिराने तसे सांगितलेच होते. "ओळख पटल्याशिवाय ही कुणालाही आत घेत नाही, साहेब. मात्र खिडकी उघडलीत, तर हमी रद्द." दिगंबररावांनी त्याच दिवशी कड्यांना कुलपे घातली.

त्यांच्या आई द्वारकाबाई यांचे चातुर्मासाचे व्रत होते : सूर्यदर्शनाशिवाय अन्न घ्यायचे नाही. गुडघ्यांमुळे तिसरा मजला उतरणे अशक्य. पूर्वेची खिडकी हेच त्यांचे देऊळ. ढगांमुळे घडणारे उपास द्वारकाबाई देवाची इच्छा म्हणून स्वीकारीत. हे उपास मुलाच्या इच्छेने घडत होते.

"दिगू, अरे तो रोजचा आहे. तुझ्या पणजोबांच्या आधीपासून येतोय."

"आई, ओळखीचा म्हणवणाराच घर धुऊन नेतो."

"मग माझ्या ओळखीवर घे."

"तुझ्या ओळखीवर? तुझा स्वतःचा दाखला अजून कोकणातल्या पत्त्यावर आहे!"

दोन दिवस द्वारकाबाई पाण्यावर राहिल्या. दिगंबरराव दोन्ही वेळा पोटभर जेवले आणि घर सुरक्षित असल्याबद्दल त्यांनी देवापुढे उदबत्ती लावली.

तिसऱ्या दिवशी सकाळी, दिगंबरराव कचेरीत गेल्यावर, चोर आला. त्याच्याकडे ओळखपत्र, रहिवासाचा दाखला आणि दोन छायाचित्रे होती. फिल्मने त्याला आत घेतले.

गाठोडे बांधून तो निघाला, पण गाठोड्याचे कागद नव्हते. फिल्म ते बाहेर सोडीना. तेव्हा चोराने कुलूप काढून खिडकी उघडली. ऊन थेट देव्हाऱ्यापर्यंत आले.

द्वारकाबाईंनी हात जोडले, अर्घ्य दिले आणि दोन पाने वाढली.

"बैस. सकाळपासून उपाशीच असशील."

"आई, मी चोर आहे."

"असशील. भात निवतोय. आणि ती निरांजनं काढून ठेव, संध्याकाळी लागतात."

चोराने निरांजने जागेवर ठेवली आणि तो जेवला. तो हात धूत असताना द्वारकाबाईंनी विचारले, "उद्या येशील ना रे?"

"येतो. सकाळीच येतो."

संध्याकाळी उघडी खिडकी पाहून दिगंबररावांनी पोलिसांत तक्रार दिली. चोराचे कागद पूर्ण असल्याने त्याचे नाव घालता येईना. विनापरवाना गृहप्रवेशाची तक्रार सूर्याविरुद्ध नोंदवण्यात आली. फिल्म नवी बसली, कुलपे दुप्पट झाली.

कार्तिकी एकादशीपर्यंत चोर एकही दिवस चुकला नाही.