टरफलाचा पंचनामा

अंड्याच्या टरफलाचा एवढासा तुकडा माझ्या हातात द्या, मी पक्षी ओळखून दाखवतो. असं मी आठवीच्या वर्गात म्हणालो. सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझं हे एकच वाक्य कोणीतरी मन लावून ऐकलं असावं. एरवी मी फळ्यावर काय लिहितो याकडे भिंतीवरची पालसुद्धा बघत नाही.

मी मार्तंड. मूळचा चिखलीचा, नोकरी संग्रामपूरकडच्या एका गावात. शाळेत विज्ञान शिकवतो; म्हणजे मतदारयाद्या, खिचडीचा तांदूळ आणि ऑनलाइन माहिती यांतून वेळ उरला तर शिकवतो. त्या दिवशी उरला होता. म्हणून रंगात येऊन सांगितलं, की टरफल म्हणजे जवळजवळ सगळा चुनाच, कॅल्शियम कार्बोनेट. पण सूक्ष्मदर्शकाखाली त्या चुन्याचे बारीक खांब एकमेकांना खेटून उभे दिसतात, तुरीच्या काड्यांच्या कुडासारखे. कुडातून वारा यावा तसा मधल्या हजारो छिद्रांतून आतल्या पिल्लाला श्वास मिळतो. आणि पक्ष्यापक्ष्यागणिक हा कूड वेगळा. इथपर्यंत सगळं पुस्तकातलं होतं. ओळखून दाखवतो, हे तेवढं माझं.

त्या वर्गात वनरक्षक शालिग्रामची मुलगी होती. तिसऱ्या दिवशी शालिग्राम गणवेशात शाळेत हजर. हातात कागदाची पुडी आणि मागे गावातल्याच सरस्वतीबाई, साठीच्या, घामाघूम.

"सर, या बाईनं मोराचे अंडे घरी आणले अशी तक्रार हाये. कुंपणापाशी हे टरफल भेटलं. मोराचं निघालं तं मोठी केस होते. तुमी पाहून सांगा."

"गिनी कोंबडीचं हाये ते," सरस्वतीबाई म्हणाल्या. "चार गिन्या हायेत माह्या घरी. दिवसभर कोकलत राह्यतात. साऱ्या गावाले माहीत हाये."

"कोंबडीचं टरफल इतलं जाड असते काय?" शालिग्रामनं मला विचारलं.

मी पुडी उघडली. अंगठ्याच्या नखाएवढा पिवळट तुकडा, वर बारीक तपकिरी ठिपके. मोराचा असेल, गिनीचा असेल. दोन्हींची टरफलं मी कधी पाहिली नव्हती. तेव्हाच 'मला नाही सांगता येणार' म्हटलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण शालिग्रामनं टोपी काढून हातात घेतली होती, आणि सरस्वतीबाई माझ्याकडे डॉक्टरकडे बघावं तशा बघत होत्या.

"बसा," मी म्हणालो.

शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली तो तुकडा ठेवला तर नुसता काळोख दिसला. पुस्तकात होतं, की पातळ आम्लात अर्धा मिनिट धरलं की वरचा थर निघून छिद्रं मोकळी होतात. मी तुकडा बशीत ठेवला आणि कपाटातलं आम्ल ओतलं. बाटलीवरची चिठ्ठी केव्हाच उडाली होती, त्यामुळे ते किती पातळ याची चौकशी करायला जागाच नव्हती. बशीत फसफस बुडबुडे आले.

"उकळून राह्यलं," सरस्वतीबाई म्हणाल्या.

"कर्बवायू निघतोय," मी भारदस्तपणे म्हणालो.

एवढ्यात मुख्याध्यापिका चारुलता मॅडम दारात आल्या. "मार्तंड सर, मुलांची आधारची माहिती पाच मिनिटांत भरायची आहे. वरून फोन आलाय."

वरून फोन आला की मी विचार करत नाही, उठतो. आमच्याकडे रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते. तिथं उन्हात उभं राहून पाच मिनिटांचं काम चाळीस मिनिटांत केलं. परत आलो तेव्हा बशीत कांद्याच्या पापुद्र्यासारखं काहीतरी तरंगत होतं.

"सर, मुद्देमाल कुठी हाये?" शालिग्रामनं विचारलं.

"विरघळला."

"म्हंजे?"

"चुना होता. आम्लात गेला. आतलं कातडं राहिलंय."

"त्याच्यावरून मोर ओळखू येते?"

"नाही."

"कोंबडी?"

"नाही."

शालिग्राम हळूच खाली बसला. "मी समोरच होतो हो. मले वाटलं, प्रयोगच चालू हाये. आता साहेब म्हणतीन, पुरावा तूच गायब केला."

"अन् मी?" सरस्वतीबाईंनी विचारलं. "मी सुटली का अडकली?"

ते आम्हां दोघांनाही माहीत नव्हतं. शेवटी त्याच म्हणाल्या, "अजून अकरा अंडे हायेत. देशी कोंबडीखाली बसवले. बारावं फुटलं, ते तुमी उचललं."

"मंग आधी काऊन नाई सांगतलं?" शालिग्रामनं विचारलं.

"तुमी टरफलाचं इचारलं. अंड्याचं कोणी इचारलंच नाई."

आम्ही तिघं चालत त्यांच्या घरी गेलो. दारातच त्यांची सून डिंपल हसत उभी होती. "आई, दुपारी अकराच्या अकरा पिल्लं निघाले."

"अन् टरफलं?" मी विचारलं.

"कुटून कोंबडीले चारले. चुना लागते ना तिले. नाई तं अंडे लिबलिबीत पडतात."

टोपल्यात अकरा तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं होती. शालिग्राम माझ्याकडे बघत होता. मी उकिडवा बसून पिल्लांकडे बघितलं, पिल्लांनी माझ्याकडे बघितलं.

"मोठी झाली की कळेल," मी म्हणालो.

शालिग्रामनं लिहिलं: तीन महिन्यांनी फेरपाहणी, पंच मार्तंड सर. तोवर एकही पिल्लू कमी होता कामा नये, असं बजावलं. सरस्वतीबाईंनी ते तीन महिने मांजर, मुंगूस आणि शेजारी यांच्यापासून पिल्लं सांभाळली. लेकीकडे बारसं होतं, तिथंही गेल्या नाहीत. हे डिंपलकडून कळल्यावर मला घरी जेवण गोड लागेना. दर रविवारी मी पिशवीभर बाजरी घेऊन जायचो, ती त्या मुकाट्यानं घ्यायच्या.

फेरपाहणीच्या दिवशी अंगणात जुन्या चौघींच्या मागे नव्या अकरा राखाडी, पांढऱ्या ठिपक्यांच्या गिन्या कोकलत फिरत होत्या. शालिग्रामनं सही केली, मीही केली, प्रकरण मिटलं. डिंपलनं चहा आणला.

सरस्वतीबाई माझ्याजवळ बसल्या. कितीतरी दिवस मनात ठेवलेलं विचारावं तसं त्यांनी हळूच विचारलं, "सर, तुमी शाळेत काय शिकवता?"

"विज्ञान," मी म्हणालो.

त्यांनी आपल्या कपातला अर्धा चहा माझ्या कपात ओतला.