माणिकरावांचा घुमता खोका

माणिकराव आमच्या घरी आले की दार वाजवायचे, पण दार उघडावं म्हणून नव्हे. बोटाच्या पेरानं एकदा वर, एकदा मधे, एकदा खाली ठोकायचे, कान लावायचे आणि बाहेरूनच निकाल द्यायचे, "सर, खालच्या फळीला वाळवी लागायलीय." आत आले की कपाट, टेबल, पाण्याची टाकी, जे समोर येईल ते ठोकून बघायचे. एकदा माझे सासरे जालन्याहून आले होते. ओळख व्हायच्या आधीच माणिकरावांनी त्यांच्या पाठीवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "कफ हाय." सासरे जालन्याला परत जाईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. कफ मात्र निघाला.

ही खोड नोकरीतली. परभणीच्या जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून त्यांची हयात गेली. बैलाचं पोट फुगलं की डाव्या कुशीवर टिचकी मारून आत हवा किती आहे ते सांगायचे. मग डॉक्टर नळी घालायचे, हवा सूं करून बाहेर पडायची आणि बैल उठून कडब्याकडे बघायला लागायचा. हे इतक्यांदा पाहिल्यामुळं जगातल्या सगळ्या दुखण्यांचं कारण त्यांना एकच वाटे. नळाला पाणी नाही? हवा कोंडली. माझी बढती अडली? "हवा कोंडलीय, सर. कुठंतरी नळी घालावी लागती."

माणिकरावांची बायको लवकर गेली. एकुलती एक शोभा चारठाण्याला दिलेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी लिलावातली एक जुनी सरकारी जीप घेतली आणि बाजाराच्या दिवशी जिंतूर-चारठाण्याकडं माणसं न्यायला लागले. जीपमध्ये टेप बसवला, आणि तिथून सगळं सुरू झालं.

"सर, हा आवाज नाकातून यायलाय," ते म्हणाले. "पखवाज हाय का डबडं, कळायला न्हाई. आवाज छातीतून याया पायजे."

म्हणून मोठा स्पीकर आणला आणि त्याला खोका करायला घेतला. त्या वर्षांत कधी मोर्चा, कधी बंद. रस्ते ओस पडायचे, गाड्या दारात उभ्या राहायच्या. माणिकरावांना वेळच वेळ होता.

पहिला खोका धान्याच्या पत्र्याच्या कोठीचा. त्यातून भजन लावलं की भजनी मंडळ विहिरीत पडून ओरडतंय असं वाटायचं. मग त्यांनी गल्लीतली सगळी लाकडं ठोकून पाहिली. "खोक्याचं लाकूड मुकं पायजे. बोलायचं काम हवेचं, लाकडानं मधे बोलायचं न्हाई." असं मुकं लाकूड अखेर त्यांना सापडलं ते स्वतःच्याच स्वयंपाकघराच्या दारात. दार उतरलं. त्या जागी गोणपाट लागलं, आणि गल्लीतलं एक मांजर त्यांच्याकडं कायमचं राहायला आलं.

खोका तयार झाला. सांधे सरसानं चिकटवले, फटी मेणानं बुजवल्या. टेप लावला तर ढप ढप ढप, शेजारच्या घरात कुणी गादी बडवतंय तसा. माणिकरावांनी खोक्यावर टिचकी मारली, कान लावला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"फुगलाय!" ते ओरडले. "सर, ह्याचं पोट फुगलंय!"

मग खोक्याच्या डाव्या कुशीतच भोक पाडलं. उजवीकडं पाडलं तरी चाललं असतं, पण ते काही ऐकेनात. त्यात मोटारीच्या पाण्याच्या पाइपचा तुकडा बसवला. पाइप लांब झाला तर आवाज गाभण म्हशीसारखा जड चालायचा. आखूड झाला तर नुसता फुसफुसायचा. करवतीनं बोटभर कापायचं, बसवायचं, भोकापुढं उदबत्ती धरून धूर कसा हालतो ते बघायचं. माझी बायको म्हणाली, "भाऊजी, पूजा करायला लागलात का त्याची?" ते म्हणाले, "वहिनी, देवाला घाई नसती. मला हाय."

कसली घाई, हे तेव्हा आम्ही कुणी विचारलं नाही.

एका दुपारी गूम्म असा आवाज आला आणि आमच्या फळीवरचे डबे एकमेकांना लागून किणकिणले. बरणीतलं लोणचं हाललं. माणिकराव गल्लीत उभे राहून दोन्ही हात छातीवर ठेवून हसत होते. जीपमध्ये मागच्या बाकाची जागा त्या खोक्यानं घेतली. माणसं खोक्यावरच बसायची. बोरी गावची एक म्हातारी पहिल्याच दिवशी उठून उभी राहिली. "अगं माय, पोटातलं पानी हालायलंय की! उतरीव मला." एका गड्याच्या पिशवीतल्या कोंबडीनं वाटेतच अंडं दिलं, असं माणिकराव सांगायचे. ते खरं की खोटं देव जाणे.

आवाजाच्या या वेडानं त्यांचं एक मोठं नुकसान आधीच करून ठेवलं होतं. शोभाचं लग्न चारठाण्याला, व्याह्यांच्या दारात लागलं. मीही होतो. व्याह्यांनी हौसेनं जिंतूरहून भोंगा आणला होता. मंगलाष्टकं सुरू झाली आणि तो भोंगा असा फाटक्या आवाजात किंचाळायला लागला की माणिकराव खुर्चीवर चुळबुळायला लागले. मी त्यांचा हात धरला. तो सोडवून ते सरळ उठले आणि वायर उपटली. भटजींचं "सावधान" निम्म्यावरच राहिलं. अख्ख्या मांडवाच्या अक्षता मुठीतच.

"कानात सळई घातल्यासारखं व्हायलंय," माणिकराव म्हणाले. "तुमच्या घरात कान न्हाईत का कुणाला?"

व्याही लाल झाले. "माझ्या दारात माझा आवाज बंद करणारे तुमी कोण? लग्न लागू द्या, मग पुन्हा ह्या दारात पाय ठेवायचा न्हाई!"

मांडवातली भांडणं जेवणं होईपर्यंत टिकतात. पण माणिकराव बोललेलं तसंच्या तसं धरून ठेवणारे. दिवाळीला लेकीला आणायला ते गेले नाहीत. न्यायला कुणी आलं नाही म्हणून तिकडून पाठवलं नाही. मी म्हणालो, मी जातो मुराळी म्हणून. तर म्हणाले, "बाप जित्ता असताना दुसरा मुराळी? आन् बापाला तर दार बंद."

एकदा मला चारठाण्याची जुनी देवळं बघायची होती. बाजाराचा दिवस होता, मी त्यांच्याच जीपमधून निघालो. सगळी माणसं बाजारात उतरली. मला वाटलं, आता देवळाकडं जाऊ. पण माणिकरावांनी जीप गावाबाहेरून वळवून ओढ्याच्या अलीकडं उभी केली, मागचा पडदा वर केला आणि टेप लावला. पखवाज घुमायला लागला.

पलीकडं घरं होती. थोड्या वेळानं एका घराच्या वर, माळवदावर, हिरव्या लुगड्यातली बाई आली. कडेवरची पोर तिनं खाली ठेवली. ती पोर हात वर करून नाचायला लागली.

माणिकराव जीपला टेकून बघत होते. "सर," ते म्हणाले, "तुमची नजर चांगली हाय. शोभी अंगानं कशी वाटायलीय? वाळली का?"

"चांगली दिसते," मी म्हणालो. "चला ना माणिकराव, ओढा ओलांडला की घर आहे. मी बोलतो त्यांच्याशी."

"न्हाई. त्यांनी सांगितलंय." मग म्हणाले, "बारीक आवाज ओढ्यातच मरतो हो. हा तेवढा पोचतो."

कॅसेट संपली. बाई पोरीला घेऊन खाली गेली. आम्ही परत आलो. देवळं राहूनच गेली.

पुढच्या उन्हाळ्यात व्याही वारले. दुखवट्याला जायला कुणाचं बोलावणं लागत नाही. माणिकरावांनी मला सोबत घेतलं. त्या दिवशी टेप लावला नाही. ओढा ओलांडला. दारात त्यांनी पायताण काढलं आणि उंबऱ्याशी अडखळले. मी पाठीला हात लावला तेव्हा आत आले.

शोभा त्यांना बिलगून रडली. मग पाणी आणायला गेली. विहीणबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"लय उशीर केलात, भाऊ," त्या म्हणाल्या.

माणिकराव खाली बघत म्हणाले, "त्यांनी पाय ठेवू नका म्हणलं व्हतं."

"ते लग्नातलं बोलणं. त्यांना तरी कुठं ध्यानात व्हतं?" त्यांनी डोळे पुसले. "तुमच्या गाडीचा आवाज आला की तेच हाक मारायचे, सूनबाई, वडील आले तुझे, पोरीला घेऊन माळवदावर जा. आन् सोता तिथं बसून ऐकायचे." त्यांनी जिन्याकडं बोट केलं. "दर बाजारी म्हणायचे, आज ओढा ओलांडून आत येतेत बघ."

माणिकराव कितीतरी वेळ त्या जिन्याकडं बघत राहिले. शोभा पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी होती. तो घ्यायचं त्यांना सुचलं नाही.