दीड गोल

सामना सुरू व्हायला आला तसे बंडोपंत मास्तर आपल्या संघातल्या पोरांकडे बघायचं टाळू लागले. साखऱ्याच्या मैदानावर दोन वर्षं खपून त्यांनी लेकरांना फुटबॉल शिकवला होता. आणि आज सकाळीच पेमानं सगळ्यांच्या वतीनं सांगून टाकलं होतं, "सर, आज बी गावासमोर धा गोल खाल्ले, तर उद्यापासून आमी कोनी येनार न्हाई."

याला कारण अमृतराव. वारंगा फाट्यावर त्यांचा ढाबा जोरात चालतो. टीव्हीवर परदेशी क्लबांचे सामने बघून त्यांनी नातवासाठी, मुकुलसाठी, गावातच एक संघ काढला. खेळाडूला बूट, जर्सी आणि सरावानंतर पोटभर मिसळ. चेंडू सरळ मारता येणारं प्रत्येक पोरगं तिकडं गेलं. मास्तरांकडं उरली ती चेंडू आला की डोळे मिटणारी.

शेळ्यांमागं पळून पळून वाऱ्यासारखी झालेली सुकन्याही गेली. पण पुढं, गोल मारायच्या जागेवर मुकुल खेळायचा, म्हणून ती नवे बूट घालून ढाब्यावरून आणलेल्या बाकावर बसून असायची.

"बसवूनच ठेवायचं व्हतं तर तिला घेतली काहून?" मास्तरांनी एकदा विचारलं होतं.

"तुमच्याकडं खेळू नये म्हनून," अमृतराव प्रामाणिकपणे म्हणाले होते.

अशा सामन्यांना गर्दी तरी कशी व्हावी? मैदानाकडेला चहाची टपरी चालवणाऱ्या गंगूताईंची तक्रार साधी होती. कोण जिंकणार हे आधीच ठाऊक असलं की जिवाला घोर लागत नाही, आणि घोर नसला की माणूस चहा मागत नाही.

तलाठी कार्यालयातल्या दत्तप्रसादनं शिट्टी फुंकली. मध्यंतरापर्यंत चार गोल झाले, चारही मुकुलच्या संघाचे. पेमा बूट नसलेल्या पायानं माती उकरत उभा राहिला. मास्तर बोटांवर हिशेब करू लागले. चार अजून, की सहा? उद्या मैदानात आपण एकटेच असू, हे त्यांना स्पष्ट दिसू लागलं.

तेवढ्यात सुकन्याचा बाप मल्हारी शेळ्या वडाखाली सोडून आला. त्यानं बाकावरून लेकीला उठवलं आणि हाताला धरून मास्तरांपुढं आणून उभं केलं.

"मल्हारी, काय करून राहिला?" अमृतराव धावत आले. "पोरगी माझ्या टीमची हाय."

"अर्धी, मालक. तुमी अर्धलीनं घेतली."

शेळी अर्धलीनं द्यायची रीत तिकडं सगळ्यांना ठाऊक आहे. एकाची शेळी दुसऱ्यानं पोसायची आणि होणारी करडं निम्मी निम्मी वाटून घ्यायची. महिन्यापूर्वी मल्हारी लेकीला पाठवायला तयार होईना, तेव्हा गंगूताईंच्या टपरीवर अमृतराव हसत म्हणाले होते, बरं, अर्धलीनं तरी दे. त्यांनी थट्टा केली होती. मल्हारीनं व्यवहार केला होता.

"अर्धा खेळ तुमच्याकडं झाला," मल्हारी म्हणाला. "आता माझ्या वाट्याचा मी मास्तरला देतो."

गंगूताईंनी किटली खाली ठेवून साक्ष दिली. लोक हसू लागले. मास्तर मात्र घाबरले. एकाच सामन्यात एक खेळाडू दोन्हीकडून खेळत नाही, हे त्यांनीच पोरांना शिकवलं होतं. त्यांनी दत्तप्रसादकडं पाहिलं.

दत्तप्रसादनं बराच विचार केला. "तिनं आज मैदानात पाऊलच ठेवलं नाही. त्यामुळे ती अजून कुणाकडूनच खेळलेली नाही. खेळू दे."

मग सुकन्या पळाली. पहिला गोल झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. बातमी गावात पोचली आणि माणसं येऊ लागली. चौथ्या वेळी तिनं चेंडू पेमाकडं ढकलला. पेमानं डोळे मिटले, पण पाय मारला. डोळे उघडले तेव्हा चार-चार झाले होते आणि पोरं त्याच्या अंगावर पडली होती. अमृतराव तिसरा चहा पिऊन नखं खात होते. मास्तरांचा चहा हातातच निवून गेला होता.

शेवटची शिट्टी वाजली. मल्हारी पुन्हा पुढं आला.

"मालक, बूट तुमचे व्हते. लेकीनं तीन गोल केले, तुमच्याच बुटानं केले. बराबर वाटा व्हायला पायजे. दीड गोल तुमचा."

दत्तप्रसादचा हात गोल लिहायच्या फळ्यापाशी थबकला. दीड कसा लिहायचा, हे त्याला कळेना. मास्तरांनी पेमाकडं बघितलं. त्याचा चेहरा पुन्हा सकाळसारखा होत चालला होता, आणि मल्हारीच्या हिशेबात चूक काढायला मास्तरांना काही सापडत नव्हतं.

अमृतरावांनी फळ्याकडं पाहिलं. मग टपरीभोवती तावातावानं बोलणाऱ्या गर्दीकडं पाहिलं. इतकी माणसं त्यांच्या एकाही सामन्याला आली नव्हती. त्यांनी घाम पुसला.

"दीड गोल ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच," ते म्हणाले. "मास्तर, पुढच्या ऐतवारी पुन्ना लावू. निम्मी पोरं तुमी घ्या. बूट सगळ्यायले मी देतो."

मास्तरांना खरं वाटेना. "कोणकोणती देता?"

अमृतराव थोडे घुटमळले. मग मुकुलला पुढं करून हळूच म्हणाले, "सुकन्या माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. याला तुमी घ्या, अर्धलीनं. पर मास्तर, एक हाय. लेकराला नुसतं बसवून ठेवू नका."