पाणबुडीतली दाढ

घरातले दिवे, पंखे, पडदे आणि दारं आता आपल्या एका बोटावर नाचतात, असं डॉक्टरीणबाईंचा नवरा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत असे, आणि ते खोटं नव्हतं. हॉटेलांच्या खोल्यांमध्ये असल्या यंत्रणा बसवणं हाच त्याचा धंदा, तेव्हा हॉटेलात बसवून जे उरे ते घरी येई. वर राहतं घर आणि खाली बायकोचा दातांचा दवाखाना, हे दोन्ही मजले त्याने एकमेकांत असे काही गुंफून टाकले होते की वर कोणी खोकलं तरी खालचा दिवा दचकेल, असं डॉक्टरीणबाई म्हणत. त्यांनी आपलं ते थट्टेत म्हटलं होतं.

मग आप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आप्पा म्हणजे डॉक्टरीणबाईंचे सासरे. सारी नोकरी त्यांनी पाणीपुरवठ्याच्या पंपावर काढलेली. व्हॉल्व्ह, दाब, पातळी यांच्याशी जन्मभर बोललेला हा माणूस घरी खुर्चीत बसला आणि बोलेनासा झाला. हाक मारली की जेवायला येत, ताटातलं चिवडत आणि उठून जात. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा छान बसलाय म्हणून सांगितलं. पण गुडघ्याबरोबर माणूसही बसत चालला होता.

शेवटी मुलाने त्यांना पाणबुडीचा व्हिडिओ गेम आणून दिला. नुसता दिला असता तर तो नवरा कसला. पाणबुडीने बुडी मारली की खोली निळी व्हायची, शत्रू जवळ आला की लाल. चारही कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून समुद्र घुमायचा. पाणबुडीला भोक पडलं की पंखा पिसाटायचा, वाफेचं यंत्र तोंडावर गार तुषार उडवायचं, आणि खोलीचं दार आपोआप खटकन बंद व्हायचं, कारण पाणबुडीत तसंच करतात. आप्पा महिन्याभरात माणसांत आले. जेवताना टॉर्पेडोवर बोलू लागले. त्यामुळे त्या पाणबुडीविरुद्ध घरात कोणी चकार शब्द काढत नसे.

त्या दिवशी सकाळी नवरा कामासाठी परगावी निघाला. टॅक्सी दारात उभी होती. जाता जाता आप्पांना आणखी मजा यावी म्हणून त्याने फोनवर दोन-चार बटणं दाबली आणि ‘वरचा मजला’च्या जागी ‘संपूर्ण घर’ अशी खूण केली. त्याच्या मनात संपूर्ण घर म्हणजे स्वयंपाकघर आणि गॅलरी. यंत्रणेच्या हिशेबात मात्र दवाखानाही घरच होता.

दुपारी जेवणाच्या सुमारास खालच्या खुर्चीत परीक्षकसाहेब आडवे झालेले होते. वाहन चालवायच्या परवान्याची परीक्षा घेणारे हे गृहस्थ. अंगाने कपाटासारखे. त्यांच्या शेजारी बसून गाडी चालवताना भल्याभल्यांचे पाय लटपटत, आणि त्यांचे स्वतःचे पाय दातांच्या डॉक्टरांच्या पायरीवर लटपटत. खालची अक्कलदाढ सुजून त्यांचा गाल टम्म झाला होता, तरी ठरवलेली वेळ त्यांनी कितीदा मोडली याला गणती नव्हती. आज बायकोने दारापर्यंत आणून सोडलं होतं. खुर्चीत टेकताना ते म्हणाले होते, “डॉक्टर, मी एकदा या खुर्चीतून उठलो ना, तर पुन्हा बसणार नाही. काय करायचं ते आत्ताच करा.”

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, गाल बधिर झाल्याची खात्री केली आणि दाढ हलवायला सुरुवात केली. दाढ चिवट होती. मुळं वाकडी. घाई केली तर मूळ आत तुटणार, मग हिरडी कापा, टाके घाला, आणि हा माणूस त्याआधी खिडकीतून पळालेला असणार. दाढ अर्धी सुटली होती, अर्धी धरून होती. अशा वेळी आपण श्वाससुद्धा बेतानेच घेतो, असं त्या नंतर सांगत.

तेवढ्यात खोली निळी झाली.

खिडकीचा पडदा सरसर खाली आला आणि भर दुपारी अंधार पडला. कोपऱ्यातला स्पीकर, एरवी मंद बासरी वाजवणारा, त्यातून खोल समुद्र घुमू लागला. पाठोपाठ दवाखान्याचं दार खटकन बंद झालं, आणि तोंडातली लाळ ओढून घेणारं यंत्र, तेही नवऱ्याच्या शहाण्या बटणावरच चालत होतं, एक उचकी देऊन गप्प झालं.

परीक्षकसाहेबांचे डोळे मोठे झाले.

“काही नाही, वीज गेली असेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कपाळावरचा छोटा दिवा बॅटरीवर चालणारा होता, तेवढा शाबूत होता. त्यांनी तोंडात कापसाच्या घड्या भरल्या. तेवढ्यात खोली लाल झाली आणि स्पीकरमधून एक घोगरा आवाज म्हणाला, “पाणी शिरतंय. सर्वांनी आपापल्या जागा घ्या.”

वीज गेल्याची सबब आता टिकेना. पेशंटने खुर्चीचे दोन्ही हात असे धरले की त्यावरचं रेक्झिन करकरलं.

डॉक्टरीणबाईंच्या लक्षात सगळं आलं. त्यांचा फोन बाहेर टेबलावर. त्या दाराशी धावल्या, आतली कडी फिरवली. दाराने ती उलटी फिरवली. पुन्हा फिरवली, दाराने पुन्हा उलटी. दाराचा हट्ट माणसाच्या हट्टापेक्षा मोठा असतो हे कळल्यावर त्या पेशंटकडे परतल्या. दाराआडून त्यांनी मदतनीस ताईंना नवऱ्याला फोन लावायला सांगितलं, तो लागेना, म्हणून वर जायला सांगितलं. ताई धावतच जिन्याने वर गेल्या आणि तशाच खाली आल्या. वरचं दारही बंद होतं, आणि आप्पा आतून दाद देत नव्हते. पाणी शिरल्यावर कोण दार उघडतं?

बाहेर पेशंट थांबायच्या खोलीतही स्पीकर होताच. पाणी शिरतंय हे बाकावरच्या आजीबाईंनी ऐकलं आणि पाय वर घेतले. शेजारचे गृहस्थ सरळ बाकावर उभे राहिले. ताई मुळातच कर्तव्यदक्ष. त्यांनी कोपऱ्यावरच्या नळवाल्याला फोन करून ताबडतोब बोलावलं. तो आला, जमीन कोरडी पाहून जास्तच काळजीत पडला, आणि पाणी भिंतीतून मुरत असणार असं ठरवून त्याने इमारतीचा मुख्य नळच बंद करून टाकला. म्हणजे आता दाढ निघाली तरी चूळ भरायला पाणी नव्हतं.

आत डॉक्टरीणबाईंनी स्पीकरला दिवे लावायला सांगितलं. खेळ सुरू असताना दिवे बदलता येणार नाहीत, असं त्याने नम्रपणे कळवलं. हीही नवऱ्याचीच सोय. मग त्यांना आठवलं, वर चहा सांगायला त्या याच स्पीकरवरून निरोप धाडत. त्यांनी निरोप धाडला: आप्पा, मी खालून बोलतेय, खेळ थांबवा.

क्षणभराने समुद्राच्या घोंगाटातून आप्पांचा आवाज आला. पंपावरच्या जुन्या ड्युटीचा, करडा.

“कोण बोलतंय? खालून म्हणजे कुठून? खाली समुद्राचा तळ आहे.”

त्यांनी पुन्हा सांगून पाहिलं, पण निम्मे शब्द लाटांनी गिळले. आप्पांनी कळवलं की शत्रू असे खोटे निरोप पाठवतो हे त्यांना पक्कं माहीत आहे, आणि ते फसणार नाहीत. तिसऱ्या वेळेला तर त्यांनी त्या आवाजावर टॉर्पेडो सोडायची धमकी दिली.

डॉक्टरीणबाईंनी घाम पुसला. पेशंटच्या गालाकडे पाहिलं. बधिरपणा काही दिवसभर टिकणार नव्हता. त्यांनी आवाज जाड केला.

“मुख्यालय बोलतंय. ताबडतोब वर या.”

मग आप्पांचा आवाज एकदम अदबशीर झाला. वर शत्रूचं जहाज टपलेलं आहे, त्यांनी कळवलं, वर आलो तर संपलो. पुढे खडकांमधली अरुंद वाट आहे, ती पार केली तरच सुटका. पण दोनदा प्रयत्न केला आणि दोन्हीदा पाणबुडी घासली. आता एकदा घासली की बुडालीच. मुख्यालयाने मार्ग सांगावा.

मुख्यालयाला स्वतःची स्कूटर फाटकातून नीट काढता येत नव्हती.

एवढ्यात खुर्चीतून आवाज आला. “आई ऊ आ.”

आता एक गोष्ट सांगायला हवी. दातांचे डॉक्टर तोंडात चार हत्यारं कोंबून माणसाला घरच्यांची खुशाली विचारतात, आणि तो जे ‘आ ऊ ई’ करतो ते त्यांना नीट कळतं. ही विद्या त्या एका धंद्यातच शिकायला मिळते. डॉक्टरीणबाईंना स्वच्छ ऐकू आलं: घाई करू नका.

मग परीक्षकसाहेब थांबेचनात. मघापासून स्पीकरमधलं इंजिन ते ऐकत होते. वळणावर वेग वाढवणारा, चढावर कचरणारा, मागे घेताना गोंधळणारा असा हा चालक, आणि आपण शेजारी बसून गप्प राहायचं, हे त्यांना भीतीपेक्षाही सहन होत नव्हतं. त्यांनी लाल उजेडात एक हात वर केला आणि बोट दाखवून काहीतरी म्हटलं.

“मुख्यालय सांगतंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आधी वेग कमी करा. वळण्याआधी, वळताना नाही.”

“केला,” आप्पा म्हणाले.

“आता मागचा भाग किती लांब आहे ते आठवा. पुढचं टोक बाहेर आलं म्हणजे सगळी पाणबुडी बाहेर आली असं नाही.”

“बरोबर. तिथेच घासतेय दोन्ही वेळा.”

आणि एक विलक्षण कामकाज सुरू झालं. आप्पा वरून डावीकडे किती, उजवीकडे किती ते ओरडून सांगत. परीक्षकसाहेब कापूस भरल्या तोंडाने हुकूम सोडत. डॉक्टरीणबाई ते हुकूम मुख्यालयाच्या आवाजात वर पाठवत, आणि बोलता बोलता त्यांचे हात आपोआप कामाला लागले होते. पेशंटची मूठ सुटली होती. मान ताठ राहिली नव्हती. जबडा तर त्यांना हवा तेवढा उघडत होता, कारण साहेबांना पुष्कळ बोलायचं होतं. दाढ एका बाजूने सैल होत गेली. डॉक्टरीणबाई ती हळूहळू डोलवत होत्या, खडकांमधल्या त्या पाणबुडीसारखीच, डावीकडे थोडी, उजवीकडे थोडी, मूळ न घासता.

स्पीकरमध्ये कर्कश्श घंटा वाजू लागली. आप्पांचा आवाज कापला. “मुख्यालय, समोर भिंत आहे. वाट दिसत नाही.”

परीक्षकसाहेब खुर्चीतच अर्धवट उठले. डॉक्टरीणबाईंनी कोपराने त्यांना परत टेकवलं. ते जिवाच्या आकांताने काहीतरी सांगत होते, आणि पहिल्यांदाच डॉक्टरीणबाईंना ते कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. साहेबांनी पुन्हा तेच सांगितलं. घंटा वाजत होती. शेवटी त्यांनी दोन्ही हात हवेत धरले आणि स्टीअरिंग गरकन पूर्ण उजवीकडे वळवून दाखवलं.

“पूर्ण उजवीकडे, आप्पा! थांबू नका, पूर्ण!”

इंजिन गुरगुरलं. वळता वळता पाणबुडीचा पत्रा करकरला, आणि साहेबांनी त्या करकरीला जबडा फाकवून ‘आ’ केला. डॉक्टरीणबाईंनी मनगट फिरवलं.

मग दिवे पांढरे झाले. पडदा वर गेला आणि दुपार आत आली. स्पीकरमधून बिगूल वाजलं. दाराने आपण होऊन कडी सोडली, आणि दारात ताई, आजीबाई, बाकावरचे गृहस्थ आणि हातात पाना घेतलेला नळवाला असे सगळे एकावर एक उभे असलेले दिसले.

“इआई आ आए?” परीक्षकसाहेबांनी विचारलं. निघाली का बाहेर?

“निघाली,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पाणबुडी पण, आणि ही पण.” त्यांच्या चिमट्यात दाढ होती, दोन्ही वाकड्या मुळांसकट.

साहेबांनी दाढेकडे पाहिलंसुद्धा नाही. नळवाल्याने नळ सोडेपर्यंत ते कपाळाला आठ्या घालून बसून राहिले, मग चूळ भरली आणि पुढची वेळ न घेता तडक निघून गेले.

त्यांना तसं जाताना पाहून डॉक्टरीणबाईंनी मनात हिशेब मांडला. शहरातला शिकाऊ चालक अन् चालक या माणसापुढून जातो. त्याने नुसती मान हलवली तरी दवाखान्याचं नाव कुठवर पोचेल कोण जाणे. संध्याकाळी त्या वर गेल्या त्या तावातावाने, आप्पांना काय काय सुनवायचं ते जिन्यात घोकत.

पण आप्पा कधी नव्हे ते आधीच ताटावर येऊन बसले होते. आज खेळात मुख्यालय आलं होतं म्हणाले. बाई होती. आवाज जरा जाड, पण काय खमकी बाई. शेवटच्या वळणाला तर तिने त्यांना नावाने हाक मारली, म्हणजे वरपर्यंत आपलं नाव पोचलं म्हणायचं. सांगता सांगता त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी घोकलेलं सगळं गिळलं आणि त्यांच्या ताटात आणखी थोडं वाढलं.

नवऱ्याला फोन करून दवाखाना त्या यंत्रणेतून काढून टाक म्हणून सांगायचं मात्र त्यांनी पक्कं ठरवलं. फोन उचलला तोच वाजला. परीक्षकसाहेबच होते. बधिरपणा उतरला होता, शब्द सुटे आणि जड येत होते.

डॉक्टरीणबाई माफी मागणार, तेवढ्यात साहेबांनी विचारलं की दुसऱ्या बाजूची दाढ कधी काढायची. पुढच्या आठवड्यात जमेल का?

“जमेल की,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आणि आजच्यासारखं काही होणार नाही, मी शब्द देते.”

साहेबांनी तो शब्द घेतलाच नाही.

“होऊ दे हो,” साहेब म्हणाले. “फक्त त्या गृहस्थांना चालवायला देऊ नका. त्यांना मी नापास केलंय. खुर्चीत पडल्या पडल्या मीच चालवीन. हात तर मोकळेच असतात.”

डॉक्टरीणबाईंनी मग नवऱ्याला फोन लावला. तो उचलल्या उचलल्या विचारू लागला की सगळं ठीक आहे ना, यंत्रणा व्यवस्थित चालतेय ना. त्यांनी एकदा आप्पांकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि एवढंच विचारलं, की घरात खेळाचं आणखी एखादं हँडल आहे का, आणि ते खालच्या मजल्यावरून चालतं का.