चौदाव्या मजल्यावरचा किनारा

सोलापुरात भर बाजारपेठेत बांधल्या जाणाऱ्या इमारतीच्या चौदाव्या मजल्याला समुद्र लागला. विहीर खणताना पाणी लागतं, तसाच. स्लॅब ओला राहावा म्हणून मजुरांनी त्यावर गोणपाटं अंथरली होती. सकाळी पाणी मारायला ते वर गेले, तर गोणपाटं तरंगत होती आणि पूर्वेच्या कडेला लाटा फुटत होत्या.

आर्किटेक्ट नीलाक्षी म्हेत्रे धावत आल्या. खाली रस्त्यावरून नुसतं आकाश दिसत होतं. स्लॅबवर पाऊल ठेवलं की मात्र अक्कलकोटच्या दिशेला नजर पोचेल तिथवर पाणीच पाणी. ते खाली सांडत नव्हतं; येत होतं आणि परत जात होतं. नीलाक्षींनी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट होतं. इतकी वर्षं त्या या शहरात इमारती उभ्या करत होत्या, पण एवढ्या उंचीवर इथं काय असेल, हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नव्हता. चपला हातात धरून त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

बिल्डर कल्याणशेट्टींनी विचारलं, "आणि वरचे सहा मजले?"

महापालिकेचे अभियंता इनामदार पाहणीला आले. पँट दुमडून पाण्यात हिंडून आले. "भरतीच्या रेषेजवळ नवीन बांधकाम करता येत नाही," ते म्हणाले.

"अहो साहेब, तो नियम किनाऱ्यावरच्या गावांना. सोलापूरला कुठला लागू?"

"सोलापूरला नाही," इनामदार म्हणाले. "समुद्राला लागू आहे."

इमारत चौदाव्यावर थांबली.

वरच्या मजल्यांवर घर घेतलेल्यांपैकी बहुतेकांनी मुकाट्यानं खालचे फ्लॅट घेतले. येमूल नवराबायको तेवढी राहिली. त्यांचा फ्लॅट सतराव्या मजल्यावर होता. राहतं घर विकून दोघं लेकीच्या सासरी पुढच्या खोलीत दिवस काढत होती.

"उन्हाळ्यात जीव नकोसा होतो ओ मॅडम," लक्ष्मण येमूल म्हणाले. "वारं मिळावं म्हणून सतरावा घेतला. तुम्ही तिसरा देताय. तिथं बाजाराची धूळ येणार."

"आमचं घर घेतलेलं ते पाणी एकदा बघू तर द्या की," त्यांच्या बायको पद्मावतीबाई म्हणाल्या.

नीलाक्षी दोघांना बांधकामाच्या लिफ्टनं वर घेऊन गेल्या. पद्मावतीबाईंनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. भांडायच्या तयारीनं आलेली बाई लिफ्टच्या दारातच थबकली. मग लुगडं वर खोचून सावकाश पुढं गेली. स्लॅबवर आता वाळू साचली होती. लाट पावलांवरून गेली, माघारी फिरली, तशी त्यांनी नवऱ्याचा दंड घट्ट पकडला.

"सरकू नकोस पुढं," येमूल म्हणाले.

"मी कुठं सरकतीय? खालची जमीन सरकतीय."

दोघं हसायला लागली. मग हसू आपोआप थांबलं. पद्मावतीबाईंनी पाण्याला हात जोडले आणि मागं वळून विचारलं, "हे रोज असणार का?"

"असणार," नीलाक्षी म्हणाल्या. हे आपण इतक्या खात्रीनं कसं सांगितलं, हे त्यांना कळलं नाही.

"मग आम्ही खाली जाणार नाही."

नीलाक्षींनी नकाशा पुन्हा काढायला घेतला. चौदाव्यावर पोहण्याचा तलाव आणि क्लब होता. तलावाची आता गरज नव्हती. त्यांनी त्यावर काट मारली, बाजूला 'समुद्र असल्यामुळे रद्द' असं कारण लिहिलं, आणि क्लबच्या जागी पश्चिमेच्या कोपऱ्यात ओसरीसह दोन खोल्या काढल्या. चौदाव्याचा स्लॅब समुद्राच्या आधी पडला होता, म्हणजे बांधकाम नवीन नव्हतं, त्यामुळे इनामदारांनी हा बदल मंजूर केला. सही करून झाल्यावर ते जरा वेळ ओसरीच्या जागेवर बसून राहिले.

राहायला आल्या दिवशी पद्मावतीबाईंनी दूध उतू घालवलं. नीलाक्षी प्रसाद घेत असताना क्षितिजावर शीड दिसलं. पाहता पाहता टोपल्यांनी भरलेली होडी स्लॅबपाशी आली. आतल्या म्हाताऱ्यानं हाताचा आडोसा करून विचारलं, "बंदर कुठलं?"

येमूलांनी नीलाक्षींकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"सोलापूर," येमूल ओरडून म्हणाले.

म्हाताऱ्यानं दोर फेकला. येमूलांनी तो वर आलेल्या सळयांना बांधला. नीलाक्षी जिन्याच्या तोंडाशी गेल्या आणि खाली वाकून लिफ्टवाल्याला म्हणाल्या, "लिफ्ट रिकामी ठेव रे, मासळी उतरवायची आहे."