पाच एकरांची धास्ती

जगातली कुळं मालकाची पाठ वळली की बोटं मोडतात. आमचे दगडूआबा रोज सकाळी मालकिणीची जीभ तपासत. खोटं नाही सांगत! बैल अंगणाबाहेर थांबवायचे आणि ओरडायचे, "अक्का, उठनी का? जीभ दखाड!" सरूअक्का करवादत दारात यायच्या, जीभ बाहेर काढायच्या. ती पांढरी नाही अशी खात्री पटली की मगच बैल शेताच्या वाटेला लागत.

मी तेव्हा एरंडोल तालुक्यातल्या त्या गावात तलाठी होतो. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला आणि पोट धरून हसलो. नंतर सातबारा काढून पाहिला, तेव्हा हसू जरा कमी झालं.

आबा सरूअक्कांची पाच एकर काळी जमीन वीस वर्षं कसत होते. कूळ कायदा आला आणि गावातली बाकीची कुळं मालक होऊन पेढे वाटून मोकळी झाली. आबांचं घोडं अडलं, कारण अक्का विधवा. विधवेची जमीन ती जिवंत आहे तोवर कुळाला हक्काने मागता येत नव्हती. तिने राजीखुशीने दिली तर गोष्ट वेगळी. आणि ती गेली, की वारसाला वर्षभरात नोटीस देऊन जमीन परत मागायची मुभा. अक्कांना मूलबाळ नव्हतं. वारस म्हणजे पुतण्या, धुळ्याला कापडाचं दुकान असलेला. त्याने जन्मात बैलाचं शेपूट पिरगाळलं नव्हतं, पण दर दिवाळीला यायचा तो पायातले बूट न काढता बांधावरून पावलांनी जमीन मोजून जायचा. तो गेला की आबांच्या घशाखाली दोन दिवस भाकर उतरत नसे.

"बठ्ठा कायदा अक्काना जीवमा शे, भाऊसाहेब," ते मला सांगायचे. सगळा कायदा एका जिवाला टांगलेला, हे दिवसातून दहादा सांगायचे.

म्हणून अक्कांनी विहिरीवर जायचं नाही, घराच्या धाब्यावर चढायचं नाही, थंडीत दह्याला हात लावायचा नाही, आणि रोज रात्री आबांनी उकळलेला काढा प्यायचा. एकदा त्यांना पद्मालयाच्या गणपतीला जायचं होतं. आबांनी गाडीत कडबा अंथरला, वर तीन गोधड्या, आणि स्वतः बैलांच्या पुढे चालत रस्त्यातले दगड वेचत गेले. मागून लग्नाच्या वऱ्हाडाच्या चार गाड्या येत होत्या. वऱ्हाडी शिव्या घालत होते, मुहूर्त टळत होता, आणि आबा आपले दगड वेचताहेत! गावात कोणी वारलं तर तिरडी अक्कांच्या गल्लीतून जाऊ देत नसत. त्यावरून एकदा चांगली बाचाबाची झाली.

गाव म्हणायचं, दगडू काढा अक्कांना पाजत नाही, पाच एकरांना पाजतो. अक्का तर कपाळावर हात मारून घ्यायच्या. "हाऊ मेला माले सुखे मरू बी देत नही!"

मी आबांना शंभरदा बजावलं, अहो, अक्का धडधाकट आहेत तोवर त्यांच्याकडून राजीखुशीचा जबाब घ्या, अंगठा घ्या, मी पुढचं बघतो. आबांचा चेहरा पांढराफटक व्हायचा. "कसं सांगू? अक्का, तू मरशी म्हनीसन आंगठा दे, असं?"

असल्या माणसाला काय सांगायचं, कपाळ!

मग एका भादव्यात अक्कांना ताप भरला. एरंडोलचे डॉक्टर आले, बाहेर येऊन हळूच म्हणाले, नातेवाइकांना कळवा. मी जबाब लिहून काढला, दोन पंच घेतले, शाईची डबी घेतली आणि तसाच तरातरा निघालो. अक्का शुद्धीवर होत्या. एक अंगठा उमटला की इतक्या वर्षांचा घोर मिटणार होता.

आबा दारात दोन्ही हात आडवे करून उभे होते.

"आबा, बाजूला व्हा."

"नही."

"वेड लागलंय का तुम्हाला? रोज जीभ बघत होतात ती कशासाठी?"

ते माझ्या कानाशी आले. अक्कांचा नवरा गेला तेव्हाही तलाठी असाच डबी घेऊन आला होता म्हणे. शाई वाळायच्या आत नवरा गेला, आणि अक्कांनी ते उशाशी बसून पाहिलं होतं. आता ही डबी दिसली तर आपलं भरलं हे त्या समजून जातील.

"ती भ्याई जाई, भाऊसाहेब," आबा म्हणाले. "ती फार भ्याकड शे."

आतून बारीक आवाज आला, "कोन शे रे?"

"कोनी नही, अक्का!" आबा मोठ्याने हसले. "भाऊसाहेब उनात, पीक दखाले!" हसताना त्यांच्या हाताखालची चौकट कडकड वाजत होती.

मी परत फिरलो. पंचांसमोर आबांना नाही नाही ते बोललो. तिसऱ्या दिवशी अक्का गेल्या.

पुतण्याची नोटीस महिन्याभरात आली. तारखा पडल्या, निकाल त्याच्या बाजूने लागला. कुळाच्या रकान्यातलं आबांचं नाव मला माझ्याच हाताने कमी करावं लागलं. आबा चावडीत समोर उकिडवे बसले होते. माझा संताप आवरेना. "एक अंगठा, आबा! एका अंगठ्यासाठी घालवलीत जमीन!"

ते माझ्या वहीकडे बघतही नव्हते. चाचरत म्हणाले, "भाऊसाहेब, एक इचारू? त्या दिवशी डबी अक्काले दिसनी नही ना?"

डबी माझ्या हातात होती. आबांच्या खांद्यावरून थेट खाट दिसत होती, आणि अक्कांचे डोळे उघडे होते.

"खिशात होती, आबा," मी म्हणालो.

"मंग काही भ्याव नही," आबा म्हणाले, आणि विळा उचलून दुसऱ्याच्या शेतात रोजाने निंदायला गेले.